एक कडी जास्त

प्रिय निनाद आणि इरा,

गेल्या रविवारी फोनवर निनादने मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर टाळलं. त्याच्या कॉलेजात वादविवाद आहे. परदेशाची जीपीएस सगळ्या जगाला फुकट रस्ता दाखवत असताना इतर देशांनी आपापले उपग्रह सोडून तशीच दुसरी व्यवस्था उभी करावी का, असा विषय. निनादला ‘करू नये’ ही बाजू मिळाली आहे. त्याने मुद्दे काढून ठेवले आहेत. आहे ती व्यवस्था नीट चालते. वापरणाऱ्याला खर्च नाही. तेवढ्या पैशात शाळा होतील, विहिरी होतील. “आजी, तू भूगोल शिकवायचीस. मला खोडून दाखव,” म्हणाला. मी म्हटलं, लिहून पाठवते. मागून इरा म्हणाली, “आता दहा पानं येणार.”

येत आहेत. निनादचे मुद्दे चुकीचे नाहीत. पण त्याने विहिरीचं नाव काढलं आणि मला एक विहीर आठवली, आणि त्या विहिरीपायी म्हातारा झालेला एक माणूस. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी हे कागदावर यावं असं वाटतं. ती हकिगत पूर्ण माहीत असलेली आता आम्ही दोघीच बायका उरलो आहोत, आणि दुसरीला लिहिता येत नाही.

माणसाचं नाव किसन सोनकांबळे. सरकारी मोजणीदार. शेताची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे साखळी टाकून ठरवणारा. गाव चाकूरच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून एकमेकांच्या शेजारी राहतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नांदेडला, बहात्तरच्या दुष्काळात. मी तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवत होते. मुलांना साखळीने जमीन मोजायचं प्रात्यक्षिक द्यायचं होतं आणि मला स्वतःला ते फक्त पुस्तकातून येत होतं. प्राचार्यांनी उमरीच्या कचेरीतून एक जाणता मोजणीदार मागवला. दाराशी बुटकासा, काळा, चाळिशीचा गृहस्थ उभा राहिला. खांद्याला खाकी पिशवी, हातात पोत्यात बांधलेली साखळी. चपला बाहेर काढल्या होत्या. आत येताच म्हणाले, “बाई, फाटकापासून तुमच्या दारापर्यंत दोनशे चौदा पावलं झाली. माझं पाऊल अडीच फुटाचं. तुमचा नकाशा काय म्हनतो, बघा बरं.”

नकाशा थोडं वेगळं म्हणत होता. नकाशा चुकीचा निघाला.

त्या वर्षी गोदावरीच्या पात्रात नुसती वाळू होती. तिथेच त्यांनी मुलांना उभं केलं. साखळी तेहतीस फुटांची, जाड तारेच्या दांड्या आणि त्यांना जोडणाऱ्या कड्या, सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. ही साखळी सरकारी नव्हती. त्यांनी तरुणपणी हैदराबादच्या जुन्या बाजारातून घेतलेली, स्वतःची. सरकारी साखळी सरकारी कामाला आणि ही आपली समजुतीला, असं ते म्हणत. मुलांना त्यांनी एकच नियम दिला. जाताना मोजायचं आणि येताना परत मोजायचं. दोन्ही मापं जुळली तरच वहीत लिहायचं.

एक वात्रट मुलगा म्हणाला, “सर, घरी पन सगळं दोनदा इचारता का?”

“घरी एकदाच सांगतात,” सोनकांबळे वाळूवरची नजर न काढता म्हणाले. “आन् तेच बरोबर असतंय.”

मुलं हसली. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने मला म्हणाले, “दुष्काळात मोजनी चांगली होती बाई. पीक न्हाई, गवत न्हाई. जमीन आपली खरी दिसून राहिली.”

काम झाल्यावर मी शिपायाला चहा आणायला सांगितला. आणि मग मला अडचण पडली. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. सोनकांबळे बौद्ध होते. कॉलेजात कपबश्या सगळ्यांना त्याच होत्या, पण शिपाई माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मी त्याच्याकडे. ते दोन क्षण सोनकांबळ्यांना पुष्कळ झाले. त्यांनी खाकी पिशवीत हात घातला आणि जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक गिलास काढून टेबलावर ठेवला.

“माझा गिलास माझ्याजवळ असतो, बाई. आपली तहान दुसऱ्याच्या भांड्यात ठेवायची न्हाई.”

मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला पुढे वाटली, त्या वेळी नाही. नंतर मी वीस वेळा त्यांच्यासमोर माझ्या घरचा कप ठेवला असेल. त्यांनी प्रत्येक वेळी गिलास काढला. “आता सवय लागली,” एवढंच म्हणत. मोजणीला ज्या गावात जात, तिथे ज्याची जमीन वाढे तोही त्यांना चहा वेगळ्या भांड्यात देई. म्हणून भांडंच आपलं. निनाद, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मला पहिल्याच दिवशी दिलं होतं. पण ते उत्तर पुरेसं नव्हतं. तेच सांगायचं आहे.

त्याच दुष्काळात त्यांच्या गावी एक विहीर खोदली गेली. त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी धर्मांतरानंतर गावकीची पिढीजात कामं सोडली होती, आणि काम सुटलं तसं गावाचा आधारही सुटला. गायरान म्हणजे गावची गुरं चरण्यासाठी सोडलेली सरकारी जमीन. तिचा खडकाळ तुकडा फोडून ते ज्वारी पेरत. गावच्या आडावर त्यांना तसंही पाणी भरू देत नसत. दुष्काळात आडच आटला. तेव्हा सोनकांबळ्यांची धाकटी बहीण सखुबाई आणि आणखी पाच-सहा बायकांनी गायरानाच्या कडेला पहार मारायला सुरुवात केली. पुरुष सरकारी खडी फोडायला गेले होते. घेर लहान, आडवी मोजली तर आठ-नऊ फूट. खडकातून पाणी लागलं. थोडं, पण आटलं नाही. पुढची दहा वर्षं ती वस्ती त्या विहिरीवर जगली.

विहिरीच्या पलीकडे एका मोठ्या शेतकऱ्याचं रान होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दहा वर्षांत अण्णांनी विहिरीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. तुमच्या आजोबांची बदली लातूरला झाली, मीही तिथल्या कॉलेजात लागले, आणि सोनकांबळेही आपल्या भागात बदलून आले. नव्या जिल्ह्याचं वारं होतं. रोज कुठे ना कुठे पाटी रंगत होती, बैलगाडीतून कपाटं हलत होती. त्यांची तालुक्याची कचेरीही जुन्या भाड्याच्या घरातून नव्या इमारतीत गेली. आणि गायरान कसणाऱ्यांच्या नावावर जमीन होणार, अशी बातमी उठली. बातमी उठली तसा अण्णांनी हद्द कायम करून मिळावी म्हणून मोजणीचा अर्ज टाकला.

सरकारी मोजणी झाली. ओढ्याकाठच्या जुन्या दगडापासून अण्णांच्या शेताची रुंदी नकाशाप्रमाणे चाळीस साखळ्या. चाळीस साखळ्या टाकल्या आणि खुंटी विहिरीच्या अलीकडच्या काठाला, वस्तीच्या बाजूला पडली. विहीर अण्णांच्या रानात गेली.

आपल्या गावची मोजणी आपण करायची नाही, हा खात्याचा नियम. त्यामुळे ती मोजणी दुसऱ्याने केली होती. पण वस्तीतले लोक सोनकांबळ्यांच्या दारात आले. हे मला सखुबाईंनी सांगितलं. लोक म्हणाले, “दादा, तू माप. तुझं माप येगळं आलं तर आमी वर दाद मागतो. तेच आलं तर गप बसतो.” दाद मागायची सोय कायद्यात होती, पहिल्या मोजणीवर वरचा अधिकारी दुसरी मोजणी करी, तिला निमताना म्हणत. त्याला मुदत असे.

सोनकांबळ्यांनी रजा टाकली. आणि मोजणीच्या आदल्या दिवशी त्यांनी ती गोष्ट केली, जी फक्त त्यांच्यासारखा काटेकोर माणूसच करू शकतो. साखळी वापरून वापरून लांबते, कड्या झिजतात, म्हणून प्रत्येक कचेरीच्या अंगणात तेहतीस फुटांवर दोन पितळी खुणा बसवलेल्या असतात. साखळी त्यांच्यावर ताणून तपासायची. उद्या कोणी म्हणायला नको की भावाची साखळी बहिणीच्या बाजूने ओढते, म्हणून त्यांनी आपली हैदराबादची साखळी नव्या कचेरीच्या अंगणात नेली आणि खुणांवर ताणली. ती चार बोटं कमी भरली.

त्यांनी लोहाराकडून चार बोटांची एक लांबट कडी करून घेतली आणि साखळीत घातली. आता साखळी खुणांवर बरोबर बसली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीसमोर, अण्णांसमोर, त्यांनी माप टाकलं. जाताना एकदा, येताना एकदा. दोन्ही वेळा खुंटी तिथेच पडली, जिथे सरकारी खुंटी होती.

अण्णा म्हणाले, “सोनकांबळे, माप तुमचंच हाय. आमी मधी बोललो का?” आणि त्यांनी चहा मागवला. सोनकांबळ्यांनी पिशवीतून आपला गिलास काढला.

वस्तीने दिलेला शब्द पाळला. हद्द मान्य असल्याच्या कागदावर अंगठे उठले. कोणी दाद मागितली नाही. आठवड्याभरात विहिरीला काटेरी तारेचं कुंपण पडलं.

सखुबाई भावाला एकच वाक्य बोलल्या आणि मग त्याच्याशी बोलणं बंद केलं. “तुझ्या साखळीला इचारून पानी लागलं नव्हतं.”

हे सगळं झालं तेव्हा मला काही माहीत नव्हतं. सोनकांबळे दर वर्षी हिवाळ्यात आमच्या मुलांना साखळी शिकवायला यायचे; मधलं एक वर्ष चुकलं, ते दोन वर्षांनी आले. थोडे वाळले होते. मुलांशी पूर्वीसारखं खोचक बोलत नव्हते. त्या वर्षी आमच्या विभागाला पोलादी टेप मिळाला होता, नवाकोरा, चामड्याच्या डबीतला. त्यांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, “नवी नवरी हाय. वापरून बघा, मग बोला.” मैदानावर मुलींचा एक गट साखळीने मोजत होता आणि दुसरा टेपने. दोन मापं जुळेनात. उदगीरकडची एक मुलगी होती, हुशार आणि तोंडाने फटकळ. तिने साखळीच जमिनीवर सरळ ताणली आणि तिच्या अंगावर टेप लावला.

“सर, तुमची साखळी तीन इंच जास्त हाय.”

“टेप खोटा हाय.”

“टेपवर तर छाप हाय, सर.”

“छाप तर सगळ्यावर असतीय.”

मी आतून प्रयोगशाळेतली मीटरपट्टी आणली. मग पदार्थविज्ञान विभागातून दुसरी आणली. त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून टेप पट्टीवर तपासला, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने. टेप खरा होता. मग त्यांनी साखळी चाचपत त्या लांबट कडीपर्यंत हात नेला आणि ती मुठीत धरून तिथेच मातीत बसले. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. मी पाणी आणायला सांगितलं.

“पानी नको,” ते म्हणाले.

मुलींना मी घरी पाठवलं. मग त्यांनी मला सगळं सांगितलं, ओढ्याच्या दगडापासून कुंपणापर्यंत. चार बोटं म्हणजे तीन इंच. चाळीस साखळ्यांत दहा फूट. तेवढ्यात विहीर बसते. मी तो हिशेब कागदावर केला; त्यांचा तोंडी आधीच झाला होता.

“साखळी बरोबर होती, बाई. हैदराबादहून आनली तवापासून बरोबर होती. मीच तिला बिघडवली.”

मी विचारलं, “पण खुणा कशा चुकल्या?”

ते त्यांनी पुढच्या आठवड्यात शोधून काढलं. टेप माझ्याकडून नेला. जुन्या भाड्याच्या घराच्या अंगणातल्या खुणा तेहतीस फुटांवरच होत्या. नव्या इमारतीत खुणा बसवायच्या म्हणून कोणीतरी कचेरीतली रोजची, झिजून लांबलेली साखळी घेतली आणि तिच्याच मापाने पितळ रोवलं. मग त्या पितळावर सगळ्या साखळ्या तपासल्या गेल्या. चुकीने खूण घातली आणि खुणेने चूक खरी ठरवली. त्यात एकच साखळी खरी होती, ती बाहेरची होती, आणि तिच्या मालकाने ती दुरुस्त करून घेतली.

“तुम्हांला तुमच्या साखळीवर भरवसा नव्हता का?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

ते म्हणाले, “सरकारी खूण म्हनल्यावर मला माझ्याच साखळीचा संशय आला. आमाला तशी सवय असती, बाई. पिढ्यांची हाय.”

मग अर्ज झाला. तो मी लिहिला. ते म्हणाले, “इंग्रजीत लिवा. मराठीत लिवलं की वाचून ठिवून देतेत. इंग्रजीत लिवलं की जवाब द्यावा लागतो.” मी टाइप केला. त्यात त्यांनी स्वतःची चूक पहिल्या ओळीत घालायला लावली. मी म्हटलं, खाली घालू. म्हणाले, “न्हाई, वरच. नाहीतर खुणांचं खोटं वाटंल.”

जवाब आला, चार ओळींचा. मुदत टळली आहे. संबंधितांनी हद्द मान्य केली आहे. अर्जदाराच्या खासगी साखळीची कार्यालयात नोंद नाही. खुणांबद्दल अक्षर नव्हतं. ते साहेबांना भेटायला गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “सोनकांबळे, खुणा चुकल्या असं मी लिहून दिलं तर तालुक्यातले सगळे बांध उठून या अंगणात येतील. मी कुणाकुणाला तोंड देऊ? जिल्हा आत्ता कुठे उभा राहतो आहे.”

“साहेब, जिल्हा तीन इंच लांब उभा राहून राहिला,” सोनकांबळे म्हणाले.

उन्हाळ्यात त्यांची बदली इस्लापूरला झाली, पार जंगलाच्या कडेला. त्यांच्या मागे कचेरीच्या अंगणात नवी शहाबादी फरशी बसली आणि खुणा तिच्याखाली गेल्या. नव्या खुणा कोणी बसवल्या, कशाने बसवल्या, मला माहीत नाही.

जाण्याआधी ते बहिणीच्या दारात गेले. खरं माप कळलंय, विहीर आपल्याच बाजूची आहे, हे तिला सांगायला. सखुबाई तेव्हा दोन कोसांवरून पाणी आणून नुकत्या टेकल्या होत्या. त्यांनीच मला हे पुढे सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. त्या म्हणाल्या होत्या, “खरं माप आनलंस, बरं केलंस. ठिव तिथं. घागरीत वतू का ते?”

इस्लापूरहून त्यांची पत्रं येत. पोस्टकार्डावर बारीक अक्षर, निम्म्या कार्डात आकडे. सहस्रकुंडच्या धबधब्याच्या वर नदीची रुंदी किती, कॅम्पपासून बसथांब्यापर्यंत किती पावलं. तक्रार एकाही पत्रात नाही. एका पत्रात मात्र होतं: “इथे पाणी इतके आहे की मोजवत नाही. मन लागत नाही.”

निवृत्तीनंतर ते गावी परतले. एक दिवस लातूरला येऊन टेप मागून नेला आणि वस्तीतल्या विहाराच्या अंगणात दोन पितळी खुणा बसवल्या, मधे तेहतीस फूट. कशासाठी, कोणालाच कळलं नाही. तोवर साखळ्या अडगळीत गेल्या होत्या, पुढे यंत्रं आली, मग मोजणीही उपग्रहावरून होऊ लागली. वस्तीतली पोरं थट्टा करत. मांडव घालताना पितळाला ठेच लागली की म्हणत, “आज्यानं सरकार बसवलंय हितं.” ते दर वर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे येत, टेप नेत, खुणा तपासत, आणि टेप पुसून परत आणून देत. त्यांना मी कधी अडवलं नाही. त्या अर्जानंतर मी त्यांच्यासाठी केलं ते एवढंच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात. तुम्ही तेव्हा लहान होतात, आणि तुमच्या आईने फोनवर विचारलं होतं की आम्ही आंघोळ कशी करतो. सोनकांबळे पंचाऐंशीच्या पुढे गेले होते. नातसुनेबरोबर दवाखान्यात आले होते, तसे माझ्याकडे आले. वर्तमानपत्र टेबलावर होतं. आपल्या देशाने दिशा दाखवणारे स्वतःचे उपग्रह वर सोडले, त्यांचा संच पुरा झाला, अशी बातमी होती. मी वाचून दाखवली. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. झालाही. “आपला गिलास आपल्याजवळ,” ते म्हणाले. मग विचारलं, “बाई, ते उपग्रह मोजतेत कशानं?”

मी सांगितलं, वेळेने. वरून निघालेला संदेश खाली यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर. म्हणून प्रत्येक उपग्रहात फार अचूक घड्याळं असतात.

“म्हंजी घड्याळ म्हंजी साखळी.”

“हो.”

“ती कुनाची?”

मला माहीत होतं, कारण त्याच दिवसांत वाचलं होतं. घड्याळं परदेशातून विकत आणलेली होती. मी तसं सांगितलं.

खिशात हात घालून त्यांनी ती लांबट कडी काढली. साखळीतून कापून काढलेली, दोन्ही टोकांना करवतीचे व्रण असलेली. इतकी वर्षं खिशात राहून ती गुळगुळीत झाली होती. टेबलावर ठेवली, वर्तमानपत्राच्या त्या बातमीवरच.

“हे तुमी ठिवा. मपल्या घरात कुनाला कळनार न्हाई हे काय हाय.”

वर्ष सरता सरता त्यांतली काही घड्याळं बंद पडल्याची बातमी आली. ती मी त्यांना सांगितली नाही. सांगायला ते नव्हते. आता म्हणे घड्याळंही इथेच करतात. चांगलं आहे. निनाद, तुझ्या प्रश्नावर माझं म्हणणं एवढंच: दुसरी व्यवस्था करावी, पण ती पहिलीच्याच खुणांवर ताणून बघायची असेल तर करू नये. ती दुसरी नसते. पहिल्या चुकीला ती साक्षीदार होते, आणि घरच्या साक्षीदारावर लोक लवकर विश्वास ठेवतात. तुझी बाजू मांडताना हे वापरता आलं तर वापर. मला दोन्ही बाजूंनी वापरता येईल असं वाटतं, आणि म्हणूनच मी फोनवर उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी मी चहा केला. कप ठेवला. त्यांनी पिशवीतून गिलास काढला. तोच, कडेला चेपलेला.

निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर टँकरसाठी घागरींची रांग लागली होती, निळ्या, पिवळ्या, लाल, वळणापर्यंत. नातसून रिक्षा बघायला पुढे गेली होती. सोनकांबळे काठी टेकत त्या रांगेच्या कडेने निघाले. त्यांचे ओठ हलत होते. पावलं मोजत होते. एका बाईने हटकलं, “ओ बाबा, नंबर लावायचा तर मागं जा.” ते रांगेच्या टोकापर्यंत गेले, थांबले, वळले, आणि मोजत परत आले. दोन्ही मापं जुळली की नाही, मला कळलं नाही. रिक्षा आली होती.

हे लिहायला घेण्याआधी मी ड्रायव्हर घेऊन त्यांच्या गावी जाऊन आले. सखुबाई आहेत. कमरेत वाकल्या आहेत, ऐकू कमी येतं. मी टेप काढला तर विचारलं नाही कशाला. पदर खोचला आणि खाली बसून एक टोक पितळावर धरलं. मी दुसरं टोक धरलं. वाचलं. मग त्या म्हणाल्या, “आता तुमी इकडं या, मी तिकडं जाती. त्याचं तसंच असायचं.” आम्ही जागा बदलल्या.

गिलास घरच्यांनी मोडीत दिला. साखळीचं काय झालं, कोणाला माहीत नाही. कडी माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, डाव्या बाजूला, पाकिटात आहे. पाकिटावर तुमचं दोघांचं नाव घातलं आहे. विहिरीला अजून पाणी आहे आणि ती कुंपणाच्या आत आहे. विहाराच्या अंगणातल्या खुणा जागेवर आहेत. मधलं अंतर तेहतीस फूट, दोन्ही वेळा.

तुमची आजी